अंग सोडा, ताई

प्रिय छोटी,

एकावन्न वर्षांच्या, दोन मुलं कॉलेजात धाडलेल्या आणि ऑफिसात बारा माणसांना धाकात ठेवणाऱ्या बाईला छोटी म्हणणं हसण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहायला गेले की पाकिटावर पत्ता घालतेय असं वाटतं. म्हणून छोटीच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. नसतं आलं. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि तू बोललीस की मी गप्प होते. तू बोबडं बोलत होतीस तेव्हापासूनचं आहे हे. कागदाला मध्ये बोलता येत नाही, एवढा त्याचा गुण.

दुपारचे तीन वाजलेत. जहाजाच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, मालिशखोलीबाहेरच्या वेताच्या खुर्चीत बसून लिहितेय. समोर एक गोल खिडकी आहे, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर. लाट आली की काच हिरवी होते, ओसरली की पुन्हा आभाळ. बाकीचे सगळे लहान होडीतून बेटावर पोहायला गेलेत. मी गेले नाही. आज हे लिहून संपवायचंच असं सकाळी उठतानाच ठरवलं होतं, तरी दोन कप कॉफी आणि एक डुलकी होईपर्यंत पेन उघडलं नाही.

आधी आभार मानते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की ताईला चांगलं काही घेताच येत नाही. तू तिकीट काढून दिलेलं, तुझ्या गावच्या धक्क्यावर पोचवणारं हे जहाज छान आहे गं. लहानसंच, चाळीस प्रवासी. मोठ्या जहाजांना जिथे शिरता येत नाही अशा खाड्यांमधून जातं. काही ठिकाणी नारळीची झाडं इतकी जवळ येतात की हात लांब केला तर झावळी हाताला लागेल. माझ्या केबिनमध्ये पांढरीशुभ्र चादर अशी ताणून घातलेली असते, की पहिल्या दिवशी मी तिचे कोपरे उचलून बघितले. कोपरा घडी घालून आत खोचतात. मी आईच्या पलंगाला खोचायचे अगदी तसाच. उशीवर तुझं कार्ड होतं: ‘ताई, सात दिवस काही करायचं नाही. रोज एक तास मालिश. फक्त पडून राहायचं.’ मी ते तीन वेळा वाचलं आणि मग कपाटातले हँगर एकाच दिशेला वळवून ठेवले.

पहिल्या दिवशी मालिशला गेलेच नाही. पोट बिघडलंय असा निरोप पाठवला. खरं कारण म्हणजे कपडे काढायची लाज. अठ्ठावन्नाव्या वर्षी, परक्या बाईपुढे! अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे काढले, घातले, पुसलं, पावडर लावली, आणि त्यात लाजण्यासारखं काही असतं हे विसरून गेले होते. आई लाजायची का, असा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला. तिला विचारलं नव्हतं कधी. घाईत असायचे मी.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच केबिनच्या दाराशी आली. मालिश करणारी बाई. रुंद खांदे, आखूड केस, पंचेचाळीसच्या आसपासची. म्हणाली, “पोट बिघडलं असेल तर पाय चोळते. पायांचं पोटाशी भांडण नसतं.” मला हसू आलं आणि हसल्यावर नाही म्हणता येईना. तिच्या मागोमाग खाली गेले. खोली आपल्या जुन्या स्वयंपाकघराएवढी. गवती चहाच्या तेलाचा वास, कोपऱ्यात गरम टॉवेलांची पेटी, आणि मधोमध उंच पलंग. त्याला तोंडाच्या जागी भोक. पालथं पडायचं आणि त्या भोकात तोंड घालायचं. खाली तिने पाण्याचा एक वाडगा ठेवलेला असतो, त्यात पांढरं फूल. म्हणजे गिऱ्हाइकाला बघायला काहीतरी असावं. मला मात्र तिचे पायच दिसत होते. रबरी चपला, डाव्या पायाची करंगळी दुमडलेली. पुढचा तासभर ती बाई म्हणजे माझ्यासाठी ती करंगळीच होती.

“अंग सोडा, ताई,” ती म्हणाली. तुझ्याशिवाय मला ताई म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, त्यामुळे दचकलेच. मी म्हटलं, सोडलंय. ती म्हणाली, “नाही सोडलेलं. तुम्ही पलंग धरून ठेवलाय.” बघते तर खरंच, दोन्ही हातांनी पलंगाच्या कडा घट्ट धरल्या होत्या. बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग तिने पाठीवरून हात फिरवला, एकदाच, मानेपासून कंबरेपर्यंत, आणि थांबली. म्हणाली, “कुणाला उचलत होतात?” मी काही सांगितलं नव्हतं, छोटी. “उजवा खांदा बोटभर खाली आहे आणि कंबर डावीकडे वळलेली. एकाच बाजूने, एकाच माणसाला, बरीच वर्षं.” मी वाडग्यातल्या फुलाकडे बघत म्हटलं, आईला. अकरा वर्षं. ती “हं” म्हणाली आणि कामाला लागली.

तू हे सगळं जाणतेस, तरी लिहिते, कारण तू जाणतेस ते फोनवरून. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला होते. एका वेळी चाळीस थर कापड आणि त्यावरून मशीनची पाती. हात हलला तर चाळीस शर्ट वाया. माझा हात कधी हलला नाही. सुपरवायझरबाई नव्या मुलींना माझ्या टेबलाशी उभं करायच्या, नुसतं बघायला. ते मी एका सोमवारी सोडलं. तुझं तिकडे नुकतं बस्तान बसत होतं, मुलं लहान होती, आणि दोघींपैकी एकीने तर करायलाच हवं होतं. कुणी मला भरीला घातलं नाही. हे मी स्वतःलाही अनेकदा सांगितलंय. पण कुणी मला विचारलंही नाही, हेही तितकंच खरं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अकरा वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. डॉक्टर दुसऱ्या घरच्यांना माझं उदाहरण द्यायचे. एकूण काय, मी आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवण्यापुरती फार उपयोगी पडले.

तिसऱ्या दिवशी मात्र मजा आली, ती तुला सांगायलाच हवी. वाफेच्या खोलीत बसवलं. माझ्याबरोबर एक निवृत्त दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, जेवणाच्या टेबलावरही त्या माझ्याच शेजारी असतात. वाफेत एकमेकींची तोंडं दिसत नव्हती, तर त्या धुक्यातून मला म्हणाल्या, “तुमचा वरचा उजवीकडचा दात तुम्ही वाचवायला हवा होतात.” मी इतकी हसले की ठसका लागला. मग थंड पाण्याच्या टाकीत बुडी, मग पायांना खरखरीत मिठाचा लेप, मग गरम दगड. काळे, गुळगुळीत, तळहाताएवढे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठेवत जातात आणि ऊब आत उतरते. हाडांनाही भूक असते हे मला माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते इतकं आवडलं की बाहेर आल्यावर जिन्यात उभी राहून मी भिंतीला टेकले. आणि त्याच क्षणी घड्याळ शोधायला लागले. सुख झालं की मी घड्याळ शोधते. आई गेल्यापासून, म्हणजे चौदा महिन्यांपासूनचं आहे हे. का, ते सांगतेच.

त्या संध्याकाळी जेवताना डॉक्टरीणबाई त्यांच्या आईबद्दल सांगत होत्या. त्या परिषदेला गेल्या होत्या आणि मागे इस्पितळात आई वारली. बोलता बोलता चमचा खाली ठेवला त्यांनी. “तुमचं कसं झालं?” असं मला विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने आलं, “मी जवळच होते. हात माझ्या हातात होता.” त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “भाग्यवान आहात.” मी मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

चौथ्या दिवशी डोक्याचा नंबर होता. केसांना तेल, आणि मग मागे मान टेकवून गरम पाण्याने धुणं. तिने माझी मान बेसिनच्या खाचेत ठेवली, एका हाताने कपाळावर आडोसा धरला आणि दुसऱ्या हाताने पाणी सोडलं. पहिली धार टाळूवर पडली आणि मी उठले. उठले म्हणजे उडालेच. बेसिनवर कोपर आपटलं, तेलाची बाटली खाली, आणि मी झग्याचा पट्टा धरत, ठिबकत्या केसांनी जिना चढून थेट वरच्या डेकवर. तिथे एक जोडपं उन्हात पुस्तकं वाचत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सभ्यपणाने पुस्तकात डोकं घातलं. मी कठड्याशी उभी राहून आईची कूस बदलायची वेळ झाली, आईची कूस बदलायची वेळ झाली, असं पुटपुटत होते. मला ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

बाई टॉवेल घेऊन मागे आली. केस पुसले, झग्याची कॉलर सरळ केली आणि शेजारी खाली बसली. आणि मी तिला सांगितलं. जे चौदा महिन्यांत तुला सांगितलं नाही, ते एका परक्या बाईला अर्ध्या तासात सांगून टाकलं, याचा तुला राग येईल. येऊ दे. आता तुलाही सांगते.

आई गेली त्या दुपारी मी तिच्याजवळ नव्हते, छोटी. घरातच नव्हते. तिला भरवलं, तोंड पुसलं, डाव्या कुशीवर केलं आणि औषधं आणायला बाहेर पडले. नेहमी वीस मिनिटं लागायची, दाराला बाहेरून कुलूप लावून जायचे. त्या दिवशी औषधाच्या दुकानात रांग होती. नंबर यायला वेळ होता म्हणून बाहेर उभी राहिले. शेजारी केस कापायचं नवीन दुकान उघडलं होतं, रिकामंच होतं. आतली मुलगी दारात आली आणि म्हणाली, “पहिल्या आठवड्यात धुऊन देणं फुकट आहे. बसा ना.” मी बसले. तिने मान मागे टेकवली आणि गरम पाणी सोडलं. माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागून किती वर्षं झाली होती, मला सांगता येणार नाही. बहुधा आईचाच शेवटचा. मी डोळे मिटले. पाच मिनिटं असं मनात म्हटलं. आणि झोपले. त्या मुलीने उठवलं नाही. नंतर म्हणाली, “इतक्या छान झोपला होतात, उठवायला जीव झाला नाही.” पावणेदोन तास. मी तशीच ओल्या डोक्याने पळत सुटले, औषधं न घेताच.

आई दाराकडे तोंड करून होती. मी तिचं तोंड भिंतीकडे करून गेले होते. म्हणजे ती स्वतः वळली होती. अकरा वर्षांत जी कूस मी तिला बदलून देत होते, ती तिने एकटीने बदलली. कशी, ते मला कळत नाही. का, ते कळतं. डॉक्टर आले, म्हणाले, झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. डॉक्टर चांगला माणूस आहे; त्याने माझे ओले केस बघितले आणि काही विचारलं नाही.

मग तुझा फोन. तू पहिलं वाक्य काय बोललीस आठवतं? “ताई, तू होतीस ना जवळ?” मी म्हटलं, होते. एवढंच. एक शब्द. तू रडत रडत विचारत गेलीस आणि मी त्या एका शब्दाला पुढचे शब्द जोडत गेले. हात हातात होता. डोळे उघडले होते. आणि तू विचारलंस, “काही म्हणाली का?” आणि मी सांगितलं, तुझं नाव घेतलं. छोटी म्हणाली. तुझं रडणं थांबलं. मला वाटलं, हे तरी मी तुला दिलं. नंतर तू ते सगळ्यांना सांगितलंस, मुलांना सांगितलंस, आणि मग ते मागे घ्यायला जागाच उरली नाही.

आता त्या नावाचं. शेवटच्या वर्षात आईजवळ तीनच शब्द उरले होते. पाणी, नको आणि छोटी. दिवसातून दहा वेळा म्हणायची, छोटी. ती मला तू समजत होती. मी केस विंचरायला जवळ गेले की माझ्या तोंडावरून चांगला हात फिरवायची आणि म्हणायची, छोटी. पहिले काही दिवस मी म्हणायचे, आई, मी ताई, छोटी लांब आहे. तिचा चेहरा पडायचा. मग मी ते बंद केलं. ओ द्यायला लागले. वर्षभर मी तुझ्या नावाला ओ दिली. आणि तुला कधी कळवलं नाही, कारण मला राग यायचा. उचलायची मी, धुवायची मी, आणि तोंडावरून हात फिरायचा तो तुझ्या. इतका क्षुद्र राग, लिहितानाही लाज वाटते. पण तो हात तुझा होता आणि मी तो तुझ्यापर्यंत पोचवला नाही, हे तुला ठाऊक असायला हवं. शेवटच्या क्षणी ती काय म्हणाली, मला माहीत नाही. म्हणाली असलीच, तर त्या तिन्हींपैकी काय म्हणाली असेल, ते तुझं तू ठरव. मी आता काही सांगणार नाही.

डेकवर बाईने हे सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणेल, तुमचा काही दोष नाही. सगळे तेच म्हणाले असते, म्हणून तर मी कुणाला सांगत नव्हते. ती मात्र म्हणाली, “त्या दुकानातलं पाणी कसं होतं?” मला कळेना. म्हटलं, म्हणजे? “म्हणजे चांगलं होतं का? बेताचं गरम होतं का?” मी म्हटलं, फार चांगलं होतं. आणि मग मला जे रडू कोसळलं, छोटी, ते आई गेल्याच्या दिवशीही नव्हतं. पुस्तकवालं जोडपं उठून दुसऱ्या बाजूला गेलं. बिचाऱ्यांनी ऊन सोडलं माझ्यापायी.

काल पाचवा दिवस. मी गेले तर तिच्या उजव्या अंगठ्याला सूज होती. दिवसाला सहा-सहा माणसं चोळायची म्हणजे होणारच. मी झाले ना लगेच सुरू! म्हटलं, बसा तुम्ही, गरम पाणी घ्या, मीठ कुठे आहे, मी पट्टी बांधते, आज माझा तास राहू दे. बाह्यासुद्धा वर केल्या. तिने माझे दोन्ही हात धरले आणि खाली केले. चिडली नव्हती, पण हसतही नव्हती. म्हणाली, “ताई, माझा अंगठा माझा आहे. मी त्याला बर्फ लावलाय आणि आज कोपराने काम करणार आहे. हा तास तुमचा आहे. झोपा.” मी झोपले. मला आधी अपमान वाटला. मग त्या फुलाकडे बघता बघता लक्षात आलं, की कुणाचं तरी दुखणं हातात असल्याशिवाय खोलीत कसं थांबायचं हेच मला येत नाही. मालिश संपली तेव्हा माझे हात पलंगाखाली लोंबत होते. ती म्हणाली, “आज सोडलंत.” नापास मुलीला पस्तीस मार्क मिळावेत तशी मी खूश झाले.

आणि वर आले, तर स्वागतकक्षातल्या माणसाने तुझी ईमेल छापून हातात दिली.

ती मी चार वेळा वाचली. माझ्यासाठी खोली तयार केल्याचं वाचून बरं वाटलं, खिडकीतून झाड दिसतं हे वाचून आणखी बरं वाटलं. मग तू लिहिलंस की तुझ्या सासूबाई मागच्या महिन्यात पडल्या, आता उठता येत नाही, दोन नर्स टिकल्या नाहीत, आणि त्यांची खोली माझ्या खोलीला लागूनच आहे. ‘तुला सांगणार होते, पण म्हटलं आधी तू जहाजावर आराम कर.’ आणि शेवटी, ‘आईचा हात तू शेवटच्या श्वासापर्यंत सोडला नाहीस. तू असलीस की मला कसलीच काळजी नाही. ते घर आता सोडूनच दे, कायमची ये.’ छोटी, यात तुझा कावा नाही, हे मी जाणते. तू खरंच थकली आहेस, आणि मला खरंच सुख द्यायचं होतं तुला. दोन्ही एकाच तिकिटात बसलं, एवढंच. पण तू जिला बोलावते आहेस ती बाई मी खोटं बोलून तयार केली आहे. ती हात न सोडणारी, न झोपणारी, जखम न होऊ देणारी. त्या म्हाताऱ्या बाईंचे हाल व्हायला नकोत आणि माझेही.

म्हणून हे पत्र. मी तुझ्याकडे राहायला येत नाहीये. आज सकाळी जहाजावरून कारखान्यात फोन लावला. सुपरवायझरबाई अजून तिथेच आहेत, आवाज ओळखला माझा. नव्या मुलींना कटिंग शिकवायला कुणीतरी हवं आहे, आठवड्यातले चार दिवस. मी हो म्हटलं. परतीचं जहाज परवा सकाळी आहे. सासूबाईंसाठी, उद्या तुला वेळ असेल तर, दोघांना जमेल अशा तऱ्हेने कूस कशी बदलायची, चादर कशी सरकवायची, हे मी तुला आणि तुझ्या नवऱ्याला दुपारी दाखवीन; तेवढं मला येतं आणि तेवढंच मी करीन. हे तुला आधी ईमेलने पाठवणार नाही. पाठवलं तर तू लगेच फोन करशील, आणि मी पुन्हा ‘होते’ म्हणेन. उद्या सकाळी तू धक्क्यावर उभी असशील, आपण गळ्यात पडायच्या आधीच हे मी तुझ्या हातात देणार आहे आणि तिथल्या एखाद्या बाकावर जाऊन बसणार आहे. तू सावकाश वाच, उभ्या उभ्या वाचू नकोस, गाडीत बसून वाच. मी इकडे तिकडे जाणार नाही. म्हणजे या ओळीपर्यंत तू आलीस याचा अर्थ मी आत्ता तुला काचेतून दिसते आहे. रागावली असलीस तर रागावलेलीच ये. पण ये, आणि मला काही विचारायचं असलं तर आज समोर बसून विचार.

तुझीच,
ताई